दुसरी मात्रा : प्रकल्प नोंदी, पुणे

९ जून, सोमवार

आजपासून ही वही. प्रश्न एका वाक्यात मावतो: पेशीला अ‍ॅड्रेनालिनसारखं औषध दिलं की ती उत्तर देते, पण लगेच दुसऱ्यांदा दिलं की कमी उत्तर देते. असं का? मला यातला कायनेजचा, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमचा, भाग तपासायचा आहे.

रिसेप्टर, म्हणजे औषध ओळखून धरणारं पेशीवरचं प्रथिन, निवडलाय बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक. ४१३ अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेली. श्वासनलिकेच्या स्नायूंवर हाच असतो आणि दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल यालाच धरतं. औषध बाहेरून बसलं की आतलं जी-प्रथिन जागं होतं. ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला चालू करतं, ते एन्झाइम सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवतं, आणि तो वाढतो. आमची मोजणी या सायक्लिक एएमपीचीच.

पेशी एचईके-२९३, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी. त्यांच्यात हा रिसेप्टर मुळातच थोडा असतो, बाहेरून घालावा लागत नाही. हे सोयीचं आहे, याचं कारण पुढे येईलच. मोजण्यासाठी काजव्याच्या ल्युसिफरेजपासून बनवलेला संवेदक वापरतेय. त्याला सायक्लिक एएमपी चिकटलं की तो प्रकाश देतो. प्लेटमधल्या पेशी न फोडता सेकंदासेकंदाला आकडा मिळतो.

घरचीही गोष्ट लिहून ठेवते. आईला दमा आहे, वीस वर्षांपासून. विषय निवडताना ते मनात होतं आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमनाही मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे मनात. पण प्लेटमध्ये येऊ देऊ नकोस."

१२ जून, गुरुवार

आयसोप्रोटेरेनॉल, म्हणजे पेशींना द्यायचं अ‍ॅड्रेनालिनसारखं औषध, याचं द्रावण परवा केलं होतं, आज सकाळी बाटलीत फिकट गुलाबी दिसलं. हे रसायन हवेने आणि उजेडाने ऑक्सिडाइज होतं, गुलाबी रंग त्याचाच. कालचे सगळे आकडे बाद. आता रोज ताजं करायचं, त्यात थोडं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालायचं, नळी फॉइलमध्ये गुंडाळून बर्फावर ठेवायची. आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल एकटंच घातलेल्या पेशीही प्रत्येक प्लेटमध्ये हव्यात.

दुसरी अडचण: पहिली मात्रा धुऊन काढताना पेशीच निघून येतात. एचईके तळाला घट्ट धरत नाहीत. पॉली-लायसिनचा थर दिला आणि पिपेट तळाकडे न रोखता भिंतीवरून सोडलं, तेव्हा थांबलं.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, सिलिंडर येणार नाही असं काल कळलंच होतं. इन्क्युबेटरमध्ये दोन दिवसांचा कार्बन डायऑक्साइड आहे, म्हणून पेशी फक्त जगवायच्या, प्रयोग नाही. प्रयोगशाळेतले मामा कालपासून रजेवर, ते दरवर्षी सासवडपर्यंत चालतात. दुपारी मीही फर्ग्युसन रस्त्यावर उभी राहिले, मग परत येऊन वाचत बसले.

वाचलेलं लिहून ठेवते, कारण हा इतिहास मला नीट माहीत नव्हता.

प्रतिसाद मंदावतो हे जुनं निरीक्षण. कॅट्झ आणि थेस्लेफ यांनी १९५७ मध्ये बेडकाच्या स्नायूवर अ‍ॅसिटिलकोलीन रोखून धरलं, तेव्हा स्नायूचा प्रतिसाद हळूहळू विरत गेलेला पाहिला. कायनेजचा धागा मात्र डोळ्यातून आला. १९७२ मध्ये क्यून आणि ड्रायर यांनी, आणि त्याच सुमारास बाउन्ड्स यांच्या गटाने, दाखवलं की ऱ्होडॉप्सिनवर (डोळ्यातला उजेड टिपणारा रिसेप्टर) उजेड पडला की त्याला फॉस्फेट चिकटतं. अंधारातल्या ऱ्होडॉप्सिनला चिकटत नाही.

बीटा-२ च्या बाबतीत आधी संशय पीकेएवर गेला. ते साहजिक होतं: रिसेप्टरमुळे सायक्लिक एएमपी वाढतं, सायक्लिक एएमपीमुळे पीकेए हे कायनेज जागं होतं, तेच उलट येऊन रिसेप्टरला फॉस्फेट लावतं. पण उंदराच्या एस-४९ लिम्फोमा पेशींचा एक प्रकार होता, ज्यात पीकेए कामच करत नाही. त्या पेशींतही रिसेप्टर बधिर व्हायचा. म्हणजे दुसरं कुणीतरी होतं. १९८६ मध्ये बेनोव्हिक, स्ट्रासर, कॅरन आणि लेफ्कोविट्झ यांनी ते कायनेज दाखवलं आणि बीटा-एआरके असं नाव दिलं. आज त्याला जीआरके-२ म्हणतात. या कुटुंबात एकूण सात आहेत. १ आणि ७ डोळ्यातली. २, ३, ५, ६ जवळजवळ सगळीकडे.

मला सर्वांत जास्त आवडलेला भाग पुढचा. ते कायनेज जसजसं शुद्ध होत गेलं, तसतशी त्याची रिसेप्टरला बधिर करण्याची ताकद कमी होत गेली. फॉस्फेट चिकटत होतं, परिणाम मात्र दिसेना. अशुद्ध नमुन्यात काहीतरी होतं जे शुद्धीकरणात निघून जात होतं. डोळ्यात अरेस्टिन नावाचं प्रथिन माहीत होतं, तसंच काहीतरी इथेही असावं असा त्यांचा अंदाज होता. १९९० मध्ये बीटा-अरेस्टिनचं जनुक हाती लागलं. फॉस्फेट ही खूण, आणि खूण बघून जी-प्रथिनाची जागा अडवणारं ते अरेस्टिन.

दुपारी रस्त्यावर जे पाहिलं ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. दिंडीत चालणाऱ्यांच्या कपाळाला बुक्का होता, कडेला उभ्या असलेल्या आम्हा बघ्यांच्या नव्हता. जीआरके तसं आहे. पेशीवर हजारो रिसेप्टर असतात, पण ज्याच्यात औषध बसलंय, जो प्रत्यक्ष कामात आहे, त्यालाच ते खूण लावतं. शेजारी रिकाम्या बसलेल्याला सोडून देतं. रिसेप्टर जागा झाला की त्याची पडद्यातली सहावी कांडी बाहेर सरकते, आतल्या बाजूला एक खोबण उघडते, आणि त्या खोबणीत शिरल्यावरच जीआरके स्वतः चालू होतं. शिवाय जीआरके-२ ला पडद्यापर्यंत खेचून आणतो तो जी-प्रथिनाचा बीटा-गॅमा भाग, आणि तो सुटतो रिसेप्टरने काम केल्यावरच. पीकेएला असा विवेक नाही. ते एकदा पेटलं की रिकाम्या रिसेप्टरलाही फॉस्फेट लावतं, दुसऱ्या जातीच्या रिसेप्टरलाही.

म्हणून आपण "रिसेप्टर थकला" म्हणतो ते चूक आहे. तो थकत नाही. पेशी त्याला कामावरून मुद्दाम बाजूला घेते.

२७ जून, शुक्रवार

पहिला धड आलेख. आयसोप्रोटेरेनॉल १ मायक्रोमोलर, १० मिनिटं, तीनदा धुणं, मग तीच मात्रा पुन्हा. दुसरं शिखर पहिल्याच्या निम्म्याहूनही खाली.

मॅडमनी आलेख पाहून एकच विचारलं, "फॉस्फोडायएस्टरेज बंद केलं होतंस?" केलं नव्हतं. हे एन्झाइम सायक्लिक एएमपी मोडतं. सायक्लिक एएमपी बनणं कमी झालं म्हणूनही आकडा पडतो आणि मोडणं वाढलं म्हणूनही पडतो. पीकेए जागं झालं की ते पीडीई-४ ला म्हणजे मोडणाऱ्या एन्झाइमलाही जोर देतं. दोन्ही एकाच आलेखात मिसळून दिसतात.

संध्याकाळी ते एन्झाइम अडवणारं आयबीएमएक्स घालून पुन्हा केलं. घट कमी झाली, पण राहिली. मग फोर्सकोलिन. हे रिसेप्टरला वगळून थेट सायक्लेजला चालू करतं. आधी आयसोप्रोटेरेनॉल मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही पेशींनी फोर्सकोलिनला सारखंच उत्तर दिलं. सायक्लेज ठीक आहे, बिघाड त्याच्या वर आहे, म्हणजे रिसेप्टरपाशी. आजचा दिवस या एका वाक्यासाठी खर्ची पडला आणि ते योग्यच झालं.

३ जुलै, गुरुवार

मधल्या काळात एक चूक केली. प्रकाश कमी येतो म्हणून बाहेरून रिसेप्टरचं जनुक घातलं. पेशी झगमगल्या, पण दुसरी मात्रा पहिल्याइतकीच चालली. बधिरपणा गायब!

गायब वगैरे काही नाही. रिसेप्टर इतके झाले की अर्धे बंद पडले तरी उरलेले सायक्लेजला पुरून उरतात. शिखर तेवढंच राहतं, फक्त तिथवर पोचायला जास्त औषध लागतं. सगळ्या मात्रांचा वक्र काढला, तर तो उजवीकडे सरकलेला दिसला. एकाच मात्रेवर थांबले असते तर खोटा निष्कर्ष वहीत गेला असता. परत मूळच्या पेशींवर, कमी उजेडात.

८ जुलै, मंगळवार

पाऊस दिवसभर. दुपारी वीज गेली, प्लेट रीडर इन्व्हर्टरवर नाही. दोन प्लेट गेल्या.

तरी सकाळचा निकाल मोठा वाटतोय. पीकेए अडवायला एच-८९ वापरलं. ते घातलेल्या पेशींत दुसरं आणि पहिलं शिखर जवळजवळ सारखं. पीकेए थांबवलं की बधिरपणा थांबतो! मॅडमना संदेश टाकला.

९ जुलै, बुधवार

कालचा निकाल मागे घेतला.

रात्री कच्चे आकडे पुन्हा काढून बसले. मी गुणोत्तर बघत होते, दुसरं भागिले पहिलं. पण एच-८९ च्या पेशींत पहिलं शिखरच बुटकं होतं. पहिली मात्राच नीट पोचली नसेल तर बधिर होणार कोण? शोधल्यावर १९९९ चं काम सापडलं, बेनोव्हिक यांच्याच वर्तुळातलं: एच-८९ हे कायनेजशिवाय बीटा रिसेप्टरलाही स्वतःच अडवतं. म्हणजे मी कुलपात किल्ली जाऊच दिली नव्हती आणि दार उघडत नाही याचा अभ्यास करत होते.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता प्रत्येक अवरोधकाला हा प्रश्न विचार, की पहिल्या मात्रेला तू काय करतोस?" वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

औषधाऐवजी आता पीकेआय. पेशींतच असणारं पीकेएला रोखणारं छोटं प्रथिन, त्याचं जनुक घालायचं. ते बाहेरून रिसेप्टरला शिवत नाही.

१६ जुलै, बुधवार

जीआरके-२ आणि ३ अडवणारं कंपाउंड-१०१ आलं. आधी पहिल्या मात्रेची तपासणी: पहिलं शिखर जागच्या जागी. मगच पुढे.

१ मायक्रोमोलरला दुसरं शिखर चांगलंच वर आलं, पण पूर्ण नाही. एचईके पेशींत जीआरके-५ आणि ६ पण आहेत, ती १०१ ला जुमानत नाहीत. उरलेल्या घटीत त्यांचा वाटा असावा, पीकेएचाही असेल.

२३ जुलै, बुधवार

आठवडाभराच्या प्लेट एकत्र मांडल्या. ही या वहीतली आतापर्यंतची सर्वांत महत्त्वाची नोंद, म्हणून सावकाश लिहिते.

पहिली मात्रा १० नॅनोमोलर, म्हणजे शंभरपट कमी, दिली तरी बधिरपणा येतो, जरा सौम्य. इथे कंपाउंड-१०१ चा काही उपयोग नाही. पीकेआय घातलेल्या पेशींत मात्र घट बरीच भरून निघते. १ मायक्रोमोलरला उलट: पीकेआयचा फरक थोडा, १०१ चा मोठा.

कारण विचार केला तर सरळ आहे. पीकेएला जागं करायला थोडे रिसेप्टर पुरतात. एका रिसेप्टरमागे कितीतरी सायक्लिक एएमपी बनतं, वाढत वाढत जातं. जीआरकेला असा गुणाकार नाही, प्रत्येक कामकरी रिसेप्टरपाशी त्याला स्वतः जावं लागतं. म्हणून बरेच रिसेप्टर एकाच वेळी व्यापले गेले तरच त्याचं काम नजरेत भरतं. रक्तात वाहणारं थोडंसं अ‍ॅड्रेनालिन पहिल्या वाटेने जाईल. मज्जातंतूच्या टोकाशी एकदम सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन किंवा भरपूर दिलेलं औषध दुसऱ्या वाटेने.

रिसेप्टरवरच्या जागाही वेगळ्या आहेत. पीकेए बसतं तिसऱ्या आतल्या वळणावर, सेरीन या अमिनो आम्लांपाशी, साखळीतल्या २६१-२६२ व्या जागी, आणि शेपटीच्या, म्हणजे पेशीच्या आतल्या टोकाच्या, सुरुवातीला ३४५-३४६ वर. जीआरकेच्या जागा शेपटीत पुढे, ३५५-३५६ पासून खाली. २०११ मध्ये लेफ्कोविट्झ यांच्या गटाने दाखवलं की जीआरके-२ आणि जीआरके-६ शेपटीवर वेगवेगळ्या जागी फॉस्फेट लावतात, आणि अरेस्टिन पुढे काय करणार हे त्या नक्षीवर ठरतं. ती नक्षी अरेस्टिन कशी वाचतं याचं पहिलं स्फटिक-चित्र २०१३ चं. त्या कामाचे पहिले लेखक अरुण शुक्ला पुढे कानपूरच्या आयआयटीत आले, आता हाच विषय तिथे चालतो. वाचताना बरं वाटलं, हे काम आपल्यापासून साधारण एका दिवस-रात्रीच्या रेल्वे प्रवासावर आहे.

हे निष्कर्ष नवे नाहीत, इतरांनी आधी दाखवलेले आहेत. पण आमच्या पेशींत, आमच्या हाताने, तीन वेळा तसेच आले.

२९ जुलै, मंगळवार

सूक्ष्मदर्शकाखाली अरेस्टिन पाहिलं. हिरव्या चमकत्या प्रथिनाला जोडलेलं. औषधाआधी पेशीभर एकसारखा हिरवा धुरळा. आयसोप्रोटेरेनॉल टाकलं आणि दोन मिनिटांत तो कडेला जाऊन ठिपक्याठिपक्यांनी गोळा झाला. आकड्यांत दीड महिना पाहत होते ते डोळ्यांनी पाहिलं. मामांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे आत्ता घडतंय?" आत्ताच घडत होतं.

बीटा-२ सोबत अरेस्टिन कडेपर्यंतच येतं, रिसेप्टर आत ओढला जाताना सुटतं. व्हॅसोप्रेसिनच्या व्ही-२ रिसेप्टरसोबत ते आतपर्यंत जातं. शेपटीतल्या फॉस्फेटच्या झुबक्यांचा फरक. दोघांच्या शेपट्यांची अदलाबदल केली की वागणंही बदलतं.

३ ऑगस्ट, रविवार

प्रयोग नाही, पण लिहिते.

आई सकाळी म्हणाली, "हल्ली पंप लागूच पडत नाही गं. दोनदा घ्यावा लागतो." माझ्या तोंडावर सगळं उत्तर तयार होतं: जीआरके, अरेस्टिन, दुसरी मात्रा. मॅडमचं वाक्य आठवलं आणि गप्प बसले.

कारण एचईके ही श्वासनलिका नाही. साल्ब्युटामॉल या रिसेप्टरला अर्धवटच चालू करतं, आयसोप्रोटेरेनॉलइतकं नाही, म्हणून जीआरकेलाही ते कमी बोलावतं. फुप्फुसातल्या मास्ट पेशी (अ‍ॅलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या) लवकर बधिर होतात, स्नायूच्या पेशी तितक्या नाही, आणि मास्ट पेशींत हे कायनेजही जास्त असतं. शिवाय पंप जास्त लागणं म्हणजे रिसेप्टर बिघडला असंच नाही. बहुतेकदा आतली सूज वाढलेली असते, आणि साल्ब्युटामॉल सुजेवर काही करत नाही.

म्हणून विचारलं, "तो दुसरा, सकाळ-संध्याकाळचा पंप घेतेस का?" म्हणाली, "बरं वाटत होतं म्हणून महिनाभर बंद केलाय." तो स्टेरॉइडचा. सूज तोच आवरतो. आणि स्टेरॉइडने बीटा-२ चं जनुकही जास्त वाचलं जातं, नवे रिसेप्टर बनतात. दम्याच्या जागतिक मार्गदर्शनाने २०१९ पासून नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नका असं सांगितलंय, ते याच अनुभवातून. उद्या सकाळी तिला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन जातेय. प्लेट दुपारी.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईचा पंप डॉक्टरांनी पुन्हा सुरू केला, घ्यायची पद्धतही तिच्याकडून करून घेतली. ती चुकत होती, श्वास आधी आणि दाब नंतर.

आता परतीची वाट. औषध धुऊन २०-३० मिनिटं थांबलं की उत्तर बरंचसं परत येतं. आत गेलेल्या रिसेप्टरवरचं फॉस्फेट फॉस्फटेज काढतं, मग तो पुन्हा वर येतो. म्हणजे आत ओढला जाणं ही शिक्षा नसून बरं होण्याची पायरी आहे, हे मला आधी उलट वाटत होतं. कॅलिक्युलिन-ए ने फॉस्फटेज अडवलं, तर वाट पाहूनही दुसरं शिखर वर येईना. (पहिल्या मात्रेची तपासणी केली. ठीक.)

औषध तासन् तास ठेवलं तर गोष्ट वेगळी. रिसेप्टर लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या मोडतोड-कोठीकडे, जाऊन मोडतात, नवे बनेपर्यंत भरपाई नाही. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत असंच दीर्घकाळ चालतं. अ‍ॅड्रेनालिनचा सततचा मारा, रिसेप्टर घटलेले, जीआरके-२ वाढलेलं. ब्रिस्टो यांच्या गटाने १९८२ मध्ये अशा हृदयांत बीटा रिसेप्टर जवळजवळ निम्मे झाल्याचं दाखवलं होतं. तिथे बीटा अडवणारी औषधं उपयोगी पडतात हे ऐकायला उलटं वाटतं, पण सततचा मारा थांबवणं हाच त्यातला एक भाग आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

२० मिनिटांनी परत आलेल्या पेशींना तिसरी मात्रा दिली. पीकेआयच्या पेशी आणि साध्या पेशी यांच्यात परतीच्या वेगात फरक दिसतोय. दोन प्लेट, दोन्हींत. तिसरीत नाही. त्या प्लेटचं आयसोप्रोटेरेनॉल दुपारी केलेलं होतं, सकाळचं नव्हतं, हाच काय तो फरक.

उद्या तिन्ही एकाच नळीतून. नळी फॉइलमध्ये, बर्फावर.